शिफ्ट संपल्यावर

महाबळेश्वरच्या त्या हॉटेलात रिसेप्शनवर असलेल्या हेमांगीने दिवसभर पाहुण्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. एकाने तर खोलीची चावी तिच्या तोंडावर फेकली होती. शिफ्ट संपली की सगळे कर्मचारी यंत्राखाली डोकं धरत. कामाच्या तासांची आठवण पुसली जाई आणि सकाळी ते हसत कामावर येत.

"साहेब, मी नोकरी सोडतेय. आज पुसू नका," ती मॅनेजरला म्हणाली.

"पुसल्याशिवाय बाहेर सोडता येत नाही, मॅडम. नियम आहे."

तिने नवऱ्याला फोन लावला. "दिगंबर, उद्या मी काहीही म्हणाले तरी मला इकडे येऊ देऊ नकोस. दाराला कुलूप लाव."



"हेमा, तू रोज हेच सांगतेस," तो म्हणाला. "आज सकाळी कुलूप लावलं होतं मी. सगळं सांगितलंही. तुला ते खोटं वाटलं. एवढ्या चांगल्या नोकरीवर का उठलायस, म्हणून रडलीस. मग उघडलं."

हेमांगीने फोन ठेवला.

"ताई, आटपा ना," रांगेतला वेटर कळवळून म्हणाला, "मलाही विसरायचंय."

ती पुढे झाली आणि तिने यंत्राखाली डोकं धरलं.