साक्षीच्या दिवशीची दाढी

कायद्याकडे प्रत्येक दुःखासाठी एक नेमका शब्द असतो आणि तो सापडला की दुःख अर्धं हलकं होतं, असं वकीलसाहेबांनी सलूनवाल्यांना सांगितलं होतं. सलूनवाल्यांचं काहीच हलकं झालं नाही. त्यांना शब्दच पाठ होईनात.

"पुन्हा," मुलगा म्हणाला. "सहवासाची हानी म्हणजे काय?"

"म्हणजे तुझी आई गेली."

"असं नाही म्हणायचं, बाबा. अपघातामुळे पत्नीचा सहवास कायमचा गमावला."

"जन्मभर भांडली माझ्याशी. ती भांडणंही धरायची का त्यात?"

वस्तरा धुवायला म्हणून मुलगा नळाकडे गेला, आणि एका वस्तऱ्याच्या मानाने नळ फार वेळ वाहत राहिला.

सलूनवाले स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते. अख्ख्या गल्लीच्या दाढ्या केलेल्या माणसाला आता स्वतःची करता येत नव्हती. मोटार रस्त्याकडेच्या उभ्या ट्रकवर आदळली तेव्हा ते मागच्या सीटवर होते. उजव्या हाताचा पार चेंदामेंदा झाला. बायकोला मागे बसलं की मळमळायचं, म्हणून ती पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली होती.

हाताचं एक ऑपरेशन बाकी होतं. ते झालं तर बोटं पुन्हा कात्री धरतील, असं डॉक्टर म्हणत होते. खर्च विमा कंपनी देणार होती, पण ड्रायव्हरचा निष्काळजीपणा कोर्टात शाबीत झाला तरच. आणि तो शाबीत करायला सलूनवाल्यांच्या जिभेशिवाय दुसरं हत्यार नव्हतं.

मुलाने ब्रश घोळवला, त्यांच्या गालांना फेस फासला आणि तो विमा कंपनीचा वकील झाला.

"ड्रायव्हरची नेमकी चूक काय?"

"त्याला डुलकी लागली. बिचारा दोन पाळ्या करून आला होता, तसाच..."

"'बिचारा' काढा. झोप झालेली नसताना गाडी हातात घेणं, हाच निष्काळजीपणा. तसंच म्हणा."

"आणि 'आत्ताच निघू, आत्ताच निघू' म्हणून घायकुतीला कोण आलं होतं? मीच ना?"

"त्याला सहदोष म्हणतात. आपली चूक आपण कबूल केली की भरपाईला कात्री लागते. तुम्ही घाई केली नाही."

"केली होती रे."

"ऐकलं कोणी?"

सलूनवाले आरशात त्याच्याकडे बघत राहिले. मुलाने त्यांची हनुवटी धरून मान वर केली.

माणसाशी बोलायचं ते आरशात बघून, ही सलूनवाल्यांची धंद्याची खोड. समोरासमोर त्यांना शब्द सुचत नसे. "तुम्ही लग्न माझ्याशी केलंत की आरशाशी?" असं बायको विचारायची. ती मनातलं काही बोलायला आली की दुकानात, त्यांच्या मागे येऊन उभी राहायची. आता आरशात त्या जागी कॅलेंडर दिसत होतं.

वकीलसाहेबांनी तंबीच दिली होती. "ड्रायव्हर नाही, तो नाही, अमका नाही. प्रतिवादी म्हणायचं, काका. घरातसुद्धा. एकदा जीभ वळली की मन आपोआप घट्ट होतं." त्या दिवशी मुलाला त्यांनी वर ऑफिसात येऊ दिलं नव्हतं. तो खाली फुटपाथवर थांबला होता. साक्षीदाराच्या कानाशी घरचं माणूस नको, एवढंच वकीलसाहेब म्हणाले.

हनुवटीच्या खळीपाशी वस्तरा जरा जास्त टेकला. फेसात लाल ठिपका उमटला.

"निष्काळजीपणा," सलूनवाले म्हणाले.

ते हसतील अशा बेताने म्हणाले होते. मुलगा हसला नाही. त्याने तुरटी ओली करून जखमेवर दाबून धरली.

"बरोबर. तिथे अगदी असंच म्हणा."

कोर्टापर्यंत दोघं पायी गेले. अपघातानंतर मुलगा कुठल्याच गाडीत पाय ठेवत नसे, आणि सलूनवाल्यांनी त्याला कधी का म्हणून विचारलं नव्हतं. दाराशी त्याने वडिलांची कॉलर सारखी केली.

"प्रतिवादीकडे बघू नका. घसराल," तो म्हणाला आणि गर्दीत बाजूला झाला.

साक्षीच्या पिंजऱ्यात आरसा नव्हता. सलूनवाल्यांनी समोरच्या भिंतीवरचा पंख्याचा खटका नजरेत धरला आणि त्याच्याकडे बघून सगळं सांगितलं. अपंगत्व आलं. सहवासाची हानी झाली. घाई त्यांनी केली नव्हती.

"म्हणजे अपघात निव्वळ प्रतिवादीच्या निष्काळजीपणामुळे झाला?" विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं.

इथे मात्र त्यांची नजर घसरली. प्रतिवादी बाकाच्या टोकाला मान खाली घालून बसला होता. त्याने वर बघितलं नाही. फक्त, शाळेत उभा केलेला पोरगा अडला की बाकावरचा खुणावतो तशी, किंचित मान हलवली.

"होय," सलूनवाले म्हणाले. "त्याच्या निष्काळजीपणामुळे माझी पत्नी गेली."

एकही शब्द चुकला नाही. वकीलसाहेबांनी समाधानाने चष्मा पुसला.

विमा कंपनीच्या वकिलाला अजून कसला तरी वास येत असावा. बसता बसता तो पुन्हा उठला. "शेवटचं. अपघातानंतर प्रतिवादीशी तुमचे संबंध कसे आहेत? बोलणंचालणं काही?"

सलूनवाल्यांनी उगाचच हनुवटी चाचपली.

"आहे की. आज सकाळी माझी दाढी त्यानंच केली."