पाहिला होता

रुग्णालयाच्या चौकशी समितीने जाहीर केले, की मृत रुग्णाच्या रक्ताचा अहवाल डॉक्टरांनी वेळीच पाहिला होता. सबब हलगर्जीपणाचा प्रश्नच उद्भवत नाही. मृताची थोरली बहीण म्हणजे शाळेत जन्मभर व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्या गुळगुळीत वाक्यातला 'पाहिला' हा शब्द त्यांना घासातल्या खड्यासारखा लागला. अहवाल म्हणजे काही सूर्यास्त नव्हे, नुसता पाहिला आणि घरी गेलो म्हणायला.

डॉक्टर बाईंचेच जुने विद्यार्थी. बाई केबिनमध्ये शिरताच ते उठून उभे राहिले, त्यांनी खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"'वाचणे' या क्रियापदाचे अर्थ किती रे?"

"दोन, बाई. अक्षरं वाचणे, आणि जीव वाचणे."

"शाबास. माझ्या भावाच्या बाबतीत त्यांतला कुठला घडला?"

डॉक्टरांनी टेबलावरचा मोबाईल हळूच पालथा घातला. बाईंना त्या स्वच्छ, निगा राखलेल्या बोटांची किळस आली.

"वॉर्डातल्या नर्सला तू फोनवर सांगितलंस, 'अहवाल पाहिला, काळजीचं कारण नाही.' काय पाहिलंस तू?"

"मेल आलेला पाहिला, बाई. त्यात खोटं काय? अटॅचमेंट मोबाईलवर उघडेना. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर होता, आणि मी नुकताच जेवायला बसलो होतो."