सतरा नंबरची मेंढी

सुकेशनीने मेंढीची मान गुडघ्यांत धरली, तशी मेंढीने जबडा वासला. खालच्या ओळीत चारच मोठे दात होते.

तिने कानातला बिल्ला पुन्हा पाहिला. सतरा.

“मावशी, ही चारदाती कशी? हिच्या वयाला आता आठ हवेत.”

कस्तुराबाई चुलीपुढे चहा गाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “आधी चहा घे. गार व्हतोय.”

कन्नडच्या पुढे, घाटाच्या अंगाला असलेल्या या धनगरवस्तीवर सुकेशनी तीन वर्षं दर शनिवारी येत होती. संभाजीनगरहून एसटी, मग जीप, मग पाऊण तास पायी. तिचा विषय मेंढीच्या पोटातला जंत. मेंढीचं अंग त्याला मारायला उठतं, तेव्हा तो ताणाची प्रथिनं तयार करतो आणि त्यांच्या बळावर तग धरतो. सतरा नंबरच्या मेंढीला कधीच औषध पाजलेलं नव्हतं. तरी ती धडधाकट होती, आणि तिच्या पोटातले जंतही जिवंत होते. सगळा अभ्यास तिच्यावर उभा होता.

पहिल्या वर्षी हे ऐकून कस्तुराबाई हसल्या होत्या. “म्हंजी जंताला बी तरास व्हतो व्हय? आन आमी म्हणायचो, निस्ता खातो मेला!”

तेव्हा सुकेशनी मेंढीचं रक्तही घ्यायची. हल्ली सुई आणत नसे. लेंड्या पुरतात, म्हणायची.

शहरात तिची भाड्याची खोली होती. रविवार ते शुक्रवार आवाज फुटायचा तो भाजीवाल्यापुढे. इथे मात्र केसांना तेल नाही म्हणून कुणीतरी रागवायचं, परतताना भाकर बांधून द्यायचं.

“सतरा नंबरची कुठंय, मावशी?”

कस्तुराबाईंनी कप खाली ठेवला. “लांडग्यानं नेली. दिवाळीच्या आधी. बिल्ला तेवढा घावला. माझा पोरगा हनुमान वाळूजहून सणाला आलता, त्याच्याकडून तारेनं हिच्या कानात बसवून घेतला.”

“मला सांगितलं का नाही?”

“काय सांगू? तुझं काम त्या मेंढीशी. मेंढीच नाय, तर तू कशापायी येशील हितं?” त्यांनी चुलीतलं लाकूड उगाच मागे ओढलं. “पोरगा फोनवर दोन शब्दाच्या वर बोलत नाय. तू आलीस की दोघींचा चहा तरी टाकते.”

सुकेशनीने मेंढी सोडली आणि पिशवीतून वही काढली.

“लई नुकसान झालं का गं तुझं? तुझे साहेब काढून टाकतील तुला?”

 सुकेशनीने लेंड्या बाटलीत भरल्या, झाकण लावलं आणि वहीत आजच्या तारखेपुढे लिहिलं: सतरा.

“कुणी काही विचारणार नाही, मावशी.”

“मंग येशील ना फुडल्या शनिवारी?”

“काम आहे म्हटल्यावर यावंच लागतं.”

“मंग डोक्याला तेल लावून ये. झिपरी!”

वळणाआड वस्ती दिसेनाशी झाली, तेव्हा ती थांबली. बाटली उघडून लेंड्या तिने बाभळीखाली ओतल्या. बाटली पाण्याने विसळली आणि तिच्यावर पुढच्या शनिवारची तारीख घातली. प्रकल्प बंद होऊन येत्या महिन्यात दोन वर्षं पूर्ण होणार होती.