दुसरं आसन

प्रेमकुंवर रोज दुपारी सामायिकासाठी, म्हणजे जैनांच्या अठ्ठेचाळीस मिनिटांच्या ध्यानासाठी, दोन आसनं अंथरायची. एकावर स्वतः जपाची माळ घेऊन बसायची आणि वाळूच्या घड्याळातली वाळू संपेपर्यंत जागची हलायची नाही. दुसरं आसन नवऱ्यासाठी. दाणाबाजारातून जेवायला आलेले प्रकाशचंद फोन कानाला लावून ते ओलांडून जायचे.

"एकदा शेजारी बसून तर बघा," ती म्हणायची, "मग मी उठायचीच नाही."

ती वारली आणि दोन्ही आसनं प्रकाशचंद अंथरू लागले. सुरुवातीला डोळे मिटले की तुरीचे भावच दिसायचे. आज मात्र मन थाऱ्यावर आलं, घर कसं शांत शांत झालं, आणि शेजारून माळेचे मणी सरकल्याचा बारीक आवाज आला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"पप्पाजी, वाळू संपली," सून प्रियल दारातून म्हणाली. "ताट वाढलंय, चला."

प्रकाशचंदांनी मिटल्या डोळ्यांनीच चाचपून घड्याळ उलटं केलं.

"तू जेवून घे, बेटा," ते कुजबुजले. "ही अजून बसलीये."