भट्टीवरचं दूध

तुर्गान्बेक भट्टीवरून घरी आला आणि टोपीही न काढता त्याने दुधाची पिशवी झाउरेच्या कागदांवर ठेवली.

"पी, उंटाच्या पिल्ला," तो लाडाने म्हणाला.

"आके, कागद भिजतील! उद्या मालगाडीच्या वाघिणी सुटायच्यात."

अल्माटीला शिकून आलेली त्याची ही मुलगी त्याच्याच तांबं गाळण्याच्या कारखान्यात निर्यातीच्या तांब्याचे दाखले तयार करी.

"तांबं तेच ना? पूर्वी 'शुद्ध' लिहिलं की गाडी निघायची."

"आता आंतरराष्ट्रीय मानक लागतं. शिसं किती, गंधक किती, एकेक वेगळं दाखवायचं. आर्सेनिक टनामागे पाच ग्रॅमच्या आत. जास्त निघालं तर सगळा माल सरहद्दीवरून परत."

"आपलं किती?"

"दोन."

"खाणीतल्या दगडात तर वारेमाप असतं." तो खोकला. "मग बाकीचं गेलं कुठे?"

झाउरेची नजर खिडकीबाहेर, भट्टीच्या धुराड्याकडे गेली.

"परक्यांना नको, म्हणजे घरच्यांनाच की!" तो हसला, आणि हसता हसता पुन्हा खोकत सुटला. "बघत काय बसलीस? दूध पी."

भट्टीवरच्या माणसांना रोज अर्धा लिटर दूध मिळे, धुरावर उतारा म्हणून. ती शाळेत जायला लागली तेव्हापासून तो ते घरी आणत होता. तिने श्वास रोखून पेला रिकामा केला. तो समाधानाने बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी वाघिणी सुटल्या. त्याच दुपारी तुर्गान्बेक भट्टीच्या पायऱ्यांवर दम खायला बसला, तो उठलाच नाही.

माती देऊन पुरुष परतले तेव्हा बायका शेल्पेकच्या पातळ पुऱ्या तळत होत्या. तेलाचा वास गेलेल्यापर्यंत पोचायला हवा, अशी रीत. भट्टीवरचा मुकादम येर्मेक दारातच घुटमळला. त्याच्या हातात दुधाची पिशवी होती.

"त्याचं त्या दिवशीचं राहिलं होतं," तो म्हणाला. "आम्ही चिडवायचो त्याला, अरे म्हाताऱ्या, छाती वाजतेय तुझी, एक दिवस तरी स्वतः पी. तर म्हणायचा, माझ्या पोरीला दूध फार आवडतं."

झाउरेने पिशवी घेतली. भट्टीवरून परत आणलेली त्याची टोपी खुंटीवर होती. ती टोपीसमोर जाऊन उभी राहिली.

"आके," ती मोठ्याने म्हणाली. तळणाऱ्या बायका थांबल्या. "मला दूध आवडत नाही. कधीच आवडलं नाही."