रिकामा सायलेन्सर

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय. भिंतीशी नाही."

नवऱ्याने मान वर केली नाही. मागच्या दाराच्या पायरीवर तो तिच्याकडे पाठ करून बसला होता. मांडीवर मोटारसायकलचा सायलेन्सर आडवा घेतलेला, तान्ह्या बाळासारखा. हातात कानस. पोटच्या पोरांना त्याने इतका वेळ कधी मांडीवर घेतलं नव्हतं.

"भिंतीने तरी ओ दिली असती," ती म्हणाली.

तेही त्याने गिळलं. कानस चालूच.

हा अबोला कशाचा ते तिला पक्कं ठाऊक होतं. जावयासमोर ती एकदा बोलून गेली होती, पत्रा ठोकण्यापलीकडे यांना येतं काय. तेव्हा तो हसला होता. पण माणूस हसतो वर आणि धरून ठेवतो आत. त्यानंतरच सगळं सुरू झालं. स्वयंपाकघरातून हाक मारली तर उत्तर नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं बजावून ती शेजारी गेली, तर आल्यावर कुकर काळाठिक्कर आणि हा त्यापासून दोन हातांच्या अंतरावर ढिम्म बसलेला. लेकीचा फोन आला की हॅलोसुद्धा न म्हणता तिच्या हातात द्यायचा, "तूच बोल." समोर जाऊन उभं राहिलं तर मात्र नीट बोलायचा. म्हणजे महाराजांशी बोलायचं तर दरबारात हजर व्हावं लागतं.

ती कसली हजर होते. माफी मागणं तिच्या रक्तात नव्हतं. ती त्याच्या पाठीशीच बोलत राहिली, आणि रोज थोडं कमी बोलत गेली.

एके काळी याच पायरीवर दोघं संध्याकाळी बसायची. त्याचं आयुष्य कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर गेलेलं. तिथल्या दणदणाटात माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. समोरच्या गॅलरीतल्या बायका काय कुजबुजतात ते तो इथून तिला सांगायचा. "तुझ्या भाजीला नावं ठेवतायत," म्हणायचा. ती चिडायची, मग हसायची.

आता पायरीवर सायलेन्सर बसत होता.

गाडी कोंडलीय, हे त्याचं त्यानेच ठरवलं. मेकॅनिकने तपासून सांगितलं, काका, गाडी नव्या नवरीसारखी आहे, उगाच हात लावू नका. याला पटलं नाही. घरीच कारखाना थाटला. आधी सायलेन्सरची मागची टोपी कापली. मग आतली नळी ओढून काढली आणि ड्रिलने तिची चाळण केली. नळीभोवतीची काचेची लोकर उपटून अंगणात टाकली. लोकर उडून वाळत घातलेल्या चादरींना चिकटली आणि ती रात्रभर अंग खाजवत बसली. दर खेपेला गाडी आधीपेक्षा जास्त बोंबलायची. दर खेपेला तो मान हलवायचा.

"दम नाही. आतल्या आत कोंडतेय."

शेजारचे मास्तर हात जोडून तिला सांगून गेले, वहिनी, त्यांना आवरा. मास्तरांना काय सांगणार, की आमचं बोलणं नाही. ती म्हणाली, बघते.

आणि आज तिने बघितलं. पिशवी भरली. बहिणीकडे जायचं ठरवलं. किती दिवसांसाठी, ते बहिणीला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

तो आता गाडीपाशी उकिडवा बसून सायलेन्सर परत चढवत होता. ती त्याच्या मागे उभी राहिली, हातभर अंतरावर.

"जाते मी," ती म्हणाली. "परत यायची नाही."

त्याने एक बोल्ट आवळला. मग दुसरा शोधून तोही आवळला. ती थांबली होती. एवढ्या बोलण्यावर तरी माणूस वळतो. अगदी दगड असला तरी वळतो.

तो वळला नाही. ती फाटकाकडे निघाली.

मागे त्याने किक मारली.

आज त्याने आतली नळी ठेवलीच नव्हती. नुसतं पोकळ नळकांडं. असा आवाज निघाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या, छतावरची कबुतरं उडाली, कोणाचं तरी पोर किंचाळून उठलं. मास्तरांनी खिडकी धाडकन लावून घेतली. तिने पिशवी टाकून दोन्ही कान दाबले.

तो मात्र सायलेन्सरच्या तोंडाशी वाकला होता. कान लावून, कपाळाला आठ्या घालून, एखाद्याचा श्वास चालू आहे का बघावं तसा. मग त्याने गाडी बंद केली. वर बघितलं तेव्हा त्याला ती दिसली.

"बघ," तो खांदे पाडून म्हणाला. "अजून पलीकडच्या गल्लीत वाजल्यासारखीच वाजते."

तो पुन्हा गाडीकडे वळला.

ती तशीच उभी राहिली. मग परत आली, त्याच्या मागे गेली. फरशीवरचा सगळ्यात मोठा पाना उचलला. छातीइतका उंच धरला आणि सोडून दिला.

मास्तरांची खिडकी पुन्हा उघडली.

तो फडक्याने हात पुसत होता. सावकाश, एकेक बोट.

ती त्या पाठीकडे बघत राहिली. शर्ट खांद्यावर विटला होता. कॉलरखाली ग्रीसचा डाग होता, त्याचा हात पोचणार नाही अशा जागी. मग ती वळसा घालून त्याच्या समोर आली. लेकीची वेणी घालताना धरायची तशी त्याची हनुवटी धरली, आणि एकेक शब्द ओठांवर नीट दिसेल असा सावकाश बोलली.

"गाडी ठणठणीत आहे. कान गेलेत तुमचे. उद्या डॉक्टरकडे जायचं, आणि आजपासून माझ्याकडे तोंड करून बसायचं. इतके दिवस तुमच्या पाठीशी भांडले ते सगळं मला पहिल्यापासून भांडायचंय."