भिशी? कसली भिशी?

"बँकेच्या साहेबांसमोर भिशीचं नावही काढायचं नाही," दिरानं सकाळपासून चौथ्यांदा बजावलं. "त्यांना असल्या पैशाचा वास जरी आला ना वहिनी, तर अर्ज गेलाच म्हणून समजा."

दीर म्हणजे घरातला वकील. कोर्टाची पायरी कधी चढला नव्हता, तेवढं सोडा.

वहिनीच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. अर्ज होता कॉफीच्या फळांचा गर काढायच्या यंत्रासाठी. हातानं सोलेपर्यंत अर्धी फळं आंबून जायची, मग व्यापारी म्हणेल तो भाव. तोडणीला आठ दिवस उरले होते. यंत्र नाही मिळालं तर यंदाही तेच!

बाहेर गाडी थांबली तेव्हा भिशीची वही तिच्या हातातच होती. चौदा बायकांची भिशी, अकरा वर्षं तिनंच सांभाळलेली. एकीचाही हप्ता कधी चुकला नव्हता.

"अहो, बघत काय बसलात!" दीर कुजबुजला.

चालू वर्षाचे आकडे तिला तोंडपाठ होते, तेवढाच आधार. तिनं वही पेटत्या चुलीत सारली.

साहेब तरुण होता, बोलायला गोड. त्यानं झाडं मोजली, तांब्याभर पाणी प्यायला आणि ओसरीवर टेकला.

"जमीन सासऱ्यांच्या नावावर. तुमचं स्वतःचं तारण काही?"

"नाही."

"बरं. इथे बायकांची भिशी वगैरे चालते का?"

"भिशी? कसली भिशी?" वहिनी हसली. तिचं तिलाच ते हसू खोटं वाटलं.

"नीट आठवा. छोटी असली तरी चालेल."

"छे हो!" दीर मध्येच बोलला. "आमच्याकडे असले धंदे नाहीत."

साहेबानं पेन खिशाला लावलं, परत काढलं. "म्हणजे कुणी पैसे गोळा करतं, कुठे लिहून ठेवतं, असं काहीच नाही?"

"शपथेवर सांगते साहेब, काही नाही."

दिरानं हळूच सुस्कारा सोडला. सुटलो बुवा एकदाचे!

साहेब उठला. चेहरा पडला होता त्याचा.

"मग माझाही इलाज नाही, ताई. तारण नसलेल्यांसाठी बँकेनं या महिन्यापासून एकच वाट ठेवलीय. भिशीची जुनी वही दाखवली असतीत, तर आत्ता इथेच मंजुरीची सही करून गेलो असतो."